रविवारी रात्री नऊचा मेसेज

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका आईचं तीन पानी पत्र आलं. थोडक्यात असं :

"मॅडम, मुलगा बारावीला आहे, मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करून राहिला. दिवाळीपर्यंत टेस्टमध्ये 540 यायचे, गेल्या रविवारी 480 आले. चाळीस मार्क तर एकट्या फिजिक्समध्ये गेले. मला पहाटे तीनला जाग येते, मग त्याच्या खोलीत लाइट सुरू आहे का ते बघते. क्लासच्या फीसाठी बांगड्या गहाण ठेवल्या, माझी शाळेतली नोकरी सोडली. यंदा हळदीकुंकवालाही कुठे गेले नाही, सगळ्या एकच विचारतात. परवा दूध घेऊन गेले तर म्हणाला, 'आई, तू आत नको येत जाऊ, तुझा चेहरा पाहिला की माझी धडधड वाढते.' आम्ही सगळं त्याच्यासाठीच करून राहिलो ना? त्याचं टेन्शन कसं कमी करू?"

ताई, तुमच्या तीन पानांत मुलाबद्दल जेमतेम अर्धं पान आहे. बाकी सगळं तुमच्याबद्दल. तीनची जाग, छातीतली धडधड, टाळलेलं हळदीकुंकू, नवऱ्याशी अबोला. मुलाचं म्हणून एवढंच कळतं की मार्क कमी झाले आणि तुम्ही आत येऊ नये असं त्याला वाटतं. म्हणून उत्तर तुमच्यापासून सुरू करते. राग मानू नका. वीस वर्षं ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, त्यानंतर समुपदेशनाकडे वळले, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहा आयांपैकी आठ जणी हाच प्रश्न मुलाच्या नावाने विचारतात.

पण आधी ते साठ मार्क निकालात काढू, कारण ते डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं काही तुमच्या कानात शिरणार नाही.

नीटचा पेपर 180 प्रश्नांचा आणि 720 मार्कांचा. बरोबर उत्तराला चार, चुकीच्या उत्तराला वजा एक. म्हणजे जो प्रश्न काल बरोबर यायचा तो आज चुकला, तर फरक पाच मार्कांचा पडतो. साठला पाचने भागा. बारा प्रश्न. एकशेऐंशीतले बारा प्रश्न इकडचे तिकडे झाले आणि तुमच्या घरात सुतक आलं. त्यात हा महिना कोणता? दिवाळीपर्यंत बहुतेक क्लास चार-पाच धड्यांच्या टेस्ट घेतात, नंतर अकरावी-बारावीचा सगळा अभ्यासक्रम एकदम काढतात. दीड वर्षापूर्वी शिकलेलं रोटेशन आणि थर्मोडायनामिक्स पुन्हा समोर येऊन उभं राहतं. जानेवारीत घसरलेली मुलं मी दरवर्षी बघते. घसरणीचा महिनाच आहे हा.

बारा प्रश्न का गेले, ते मात्र बघायलाच हवं, आणि ते त्याने आणि त्याच्या सरांनी बघायचं. चुकलेल्या प्रश्नांचे चार ढीग करायचे : येतच नव्हतं, येत होतं पण आकडेमोड चुकली, प्रश्न घाईत वाचला ('खालीलपैकी चूक विधान कोणतं' यातला 'चूक' हा शब्द दर टेस्टमध्ये कुणाचा तरी घात करतो), आणि तुक्का मारला. पहिल्या ढिगाला अभ्यास लागतो, बाकी तिघांना नाही. अनेक मुलांचा पहिला ढीग सगळ्यात लहान निघतो. मग 'अजून अभ्यास कर' या सल्ल्याचा उपयोग काय? तुम्ही त्या ढिगांत हात घालू नका, एवढीच विनंती.

तुमच्या भावाच्या मुलाचे 2024 चे मार्कही पत्रात आहेत. ते खोडून टाका. 2024 ला 720 पैकी 720 घेणारे आधी 67 जण होते, सुधारित निकालात 17 उरले. 2025 चा पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. खुल्या गटाचे पात्रतेचे किमान मार्क 162 वरून 144 वर आले. जे मार्क एका वर्षी वेटिंगवर बसवतात, तेच दुसऱ्या वर्षी हसत कॉलेजात नेतात. दोन वर्षांचे मार्क शेजारी ठेवणं म्हणजे मेमधलं तापमान डिसेंबरशी ताडून बघणं. तुलना करायचीच तर ऑल इंडिया रँकची करा. खरं म्हणजे तीही नको.

आता मूळ मुद्दा. रविवारी टेस्ट असते. पोरगं पाचला सुटतं, सहाला घरी येतं, आंघोळ करतं, थोडं हसतं-बोलतंसुद्धा. रात्री नऊला क्लासचा मेसेज येतो, तो त्याच्या नाही, तुमच्या मोबाइलवर. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, एकूण, बॅचमधली रँक. तेव्हा तो जेवत असतो. मोबाइल ओट्यावर वाजतो. तुम्ही पिठाचा हात पदराला पुसून वाचता. काही बोलत नाही. तव्यावरची पोळी उलटता, आणि पुढची त्याच्या ताटात टाकता.

नागपूरच्याच नंदनवन भागातून एक मुलगा माझ्याकडे यायचा. तो म्हणाला होता, "मॅडम, आईने पोळी कशी टाकली त्यावरून मला किती आले ते समजते. तूप लावून दिली तर पाचशेच्या वर." त्याची आई शपथेवर सांगायची की मी त्याला मार्कांवरून एक शब्द बोलत नाही. खरंच बोलत नव्हती. बिचारीला तुपाचं माहीतच नव्हतं.

मुलगा 'तुझा चेहरा' म्हणाला ते याच अर्थाने. तुमचा राग त्याला आलेला नाही. तुमचा चेहरा हा त्याचा दुसरा निकाल झालाय, आणि तो दिवसातून दहा वेळा लागतो. क्लासला फोन करा आणि सांगा की निकाल मुलाच्या नंबरवर पाठवा. ते ऐकणार नाहीत, त्यांना पालक जागा ठेवायचा असतो. नाही ऐकलं तर तो ग्रुप म्यूट करा. मग मुलाला सांगा, स्पष्ट शब्दांत : मार्क मला तू सांगशील तेव्हाच कळतील, आणि मी आठवड्यातून एकदाच विचारेन, मंगळवारी. पहिल्या मंगळवारी तो थापही मारेल. मारू द्या.

मी हे शहाणपण पुस्तकातून आणलेलं नाही. माझी मुलगी बारावीला होती तेव्हा मी रात्री तिच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बाहेर बसायचे. विणकाम घेऊन. दार लोटलेलं. आतून पान उलटल्याचा आवाज आला की जीव शांत व्हायचा, बराच वेळ आला नाही की मी खाकरायचे. कॉलेजात दुसऱ्यांच्या पोरांना 'टेन्शन घेऊ नका रे' म्हणणारी बाई घरी पानं मोजत बसायची. पुढे दहा वर्षांनी, तिचं स्वतःचं मूल झाल्यावर, तिने हसत हसत सांगितलं, "आई, मी दर पाच मिनिटांनी पान उलटायचे. वाचून झालं म्हणून नाही, तू बाहेर होतीस म्हणून." त्या वर्षी तिचे किती तास पानं उलटण्यात गेले असतील, त्याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

तुम्ही पहाटे तीनला लाइट बघता ना, तो लाइट कुणासाठी सुरू असतो ते त्याला एकदा विचारा.

आणि तीनला तो सुरू असूच नये. या वयात शरीराचं घड्याळ उशिरा सरकतं, रात्री अकरा-बारापर्यंत डोळा लागत नाही, हा आळस नव्हे. पण झोप आठ ते दहा तास लागते, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते त्याच झोपेत. दोनला झोपून सहाला उठणारा मुलगा शिकलेलं अर्धं रोज सांडत असतो. यात आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. नीट दुपारी दोन ते पाच असते. रात्री जागणारी मुलं क्लास नसेल त्या दिवशी नेमकी दोन ते पाच झोपतात. महिनोन्महिने शरीराला तीच शिकवण, आणि मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास, बाहेर आपलं 44-45 डिग्रीचं ऊन तापलेलं असताना, त्याच वेळेला आयुष्यातला सगळ्यात अवघड पेपर. मार्चनंतर दुपारची झोप बंद करा आणि घरचे सराव पेपर दोनलाच लावायला सांगा, कूलर सुरू असला तरी टेबलखुर्चीवर बसून. सगळ्या पत्रात तुमच्याकडून करून घेण्यासारखं ठोस काम मला हेच दिसलं.

फिजिक्समध्येच चाळीस का गेले, तेही याला लागून आहे. थोडं टेन्शन कामाचं असतं, पण काम जितकं अवघड तितका ताण लवकर जड होतो. 1908 साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग करून हे मांडलं, आणि मी ते वर्गात दरवर्षी बघितलं. घाबरलेल्या मुलाचं बायो बरंचसं टिकतं, कारण पाठ असलेलं बाहेर येतं. फिजिक्समध्ये जागेवर विचार करावा लागतो, म्हणून आधी ते कोसळतं.

बांगड्यांचं बोलू. तुम्ही लिहिलंय, 'त्याला जाणीव असावी म्हणून सांगितलं.' ताई, जाणीव त्याला आहे. गरजेपेक्षा जास्त आहे. सतरा वर्षांचा मुलगा टेस्टमध्ये एकेक चुकीचा गोल काळा करताना वजा एक मोजतो, त्यात तुमच्या बांगड्याही मोजायला लावू नका. मंगळवारी टेकडीच्या गणपतीला पायी जाता, उपास धरला आहे, खुशाल करा. तुमच्या मनाला आधार मिळत असेल तर मी कोण नको म्हणणार. पण 'तुझ्यासाठी धरलाय' हे त्याच्या कानावर घालू नका, आजीलाही सांगा. पैशांचं तर एकदा दोघांनी मिळून बोला, हे शब्द लागले तर माझे वापरा : "फी आम्ही विचार करून भरली. ती फेडायची जबाबदारी आमची, तुझी नाही. निकाल काहीही लागला तरी हे बदलणार नाही." एकदाच सांगायचं. रोज सांगितलं की त्याचंही ओझं होतं.

नोकरी सोडलीत ते मला पटलेलं नाही, हे लिहून टाकते. घरात दिवसभर एक माणूस एका मुलाच्या अभ्यासाकडे बघत बसलं की दोघंही आजारी पडतात. अर्धवेळ का होईना, शिकवण्या घ्या, शेजारच्या बालवाडीत जा, काहीही करा. साहेबांबद्दल तुम्ही लिहिता की ते 'काहीच बोलत नाहीत'. नागपुरी वडिलांची ही जुनी पद्धत, आणि मुलं त्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतःच लावतात, तो कधीच चांगला नसतो. त्यांना एक काम द्या : रात्री जेवल्यावर मुलाबरोबर वीस मिनिटं कॉलनीला चक्कर. क्रिकेटवर बोला, गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर बोला, नीटचं नाव काढायचं नाही.

आता सीईटीचा फॉर्म. तुम्ही लिहिलंय की एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरू की नको हे विचारायची हिंमत घरात कुणात नाही, 'त्याला वाटेल आमचा भरवसा नाही.' हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता हसूही येत नाही. फॉर्म भरणं म्हणजे अपशकुन नाही. उलट ज्या मुलाला खाली जाळं दिसतं तो दोरीवर नीट चालतो. 2025 ला देशभरात 22 लाखांवर मुलांनी नीट दिली, 12 लाखांवर पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा सगळ्या देशात सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्याही निम्म्याच सरकारी. पात्र होणं वेगळं आणि मेडिकलला किंवा मेयोला, नागपुरातल्या या दोन सरकारी मेडिकल कॉलेजांत, जागा मिळणं वेगळं. हा हिशेब मुलाला तुमच्यापेक्षा चांगला येतो. घरात कुणी त्याचं नाव काढत नाही, म्हणून तो एकटा रात्री करत बसतो.

नीटच्याच मार्कांवर आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यकीय आहे. सक्करदऱ्याचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही नागपुरातच. सीईटीचा पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायो) गट दिला तर बी.फार्म आणि कृषी उघडं राहतं. सीईटीला उणे मार्क नाहीत, प्रश्न बहुतांश बारावीवर असतात, त्यामुळे नीटचा अभ्यास केलेल्या मुलाला वेगळं फार काही करावं लागत नाही, फक्त वेगाचा सराव लागतो. आणि बोर्डाकडे दुर्लक्ष नको. खुल्या गटाला बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून 50 टक्के लागतात, राखीव गटाला 40. क्लासशी टायअप असलेल्या कॉलेजांतली मुलं वर्षभर कॉलेजचं तोंड बघत नाहीत, मग प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री जर्नल उतरवत बसतात. त्याचं जर्नल पूर्ण आहे का, एवढं विचारलंत तर चालेल.

ड्रॉप घ्यायचा की नाही, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट द्यायची की नाही, हे आत्ता ठरवू नका. नीट कितीही वेळा देता येते, वयाची वरची अट नाही, त्यामुळे दार बंद होत नाही. पण 'नाही झालं तर पुढच्या वर्षी आहेच' असं जानेवारीत ऐकलेली मुलं दोन टोकांना जातात : काही सैल पडतात, आणि काहींना आणखी एक वर्ष हेच, या विचाराने धाप लागते. निकालानंतर पंधरा दिवस थांबा, मग तिघांनी बसा, आणि त्याला आधी बोलू द्या.

एक गोष्ट गंभीरपणे वाचा. तुमच्या पत्रावरून मला मुलगा दमलेला आणि घाबरलेला वाटतो, आजारी नाही वाटत. पण तो जेवण टाकू लागला, मित्रांचे फोन उचलेनासा झाला, आंघोळ-कपडे सुटले, आवडती वस्तू कुणाला देऊन टाकली, किंवा 'मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते' अशा वळणाचं काही बोलला, तर ते टेन्शन म्हणून सोडायचं नाही. शेजारी बसून सरळ विचारायचं : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं की कुणीतरी विचारलं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री टेली-मानसच्या 14416 वर फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्याचा जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मात्र फोनवर थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या. नंबर फ्रिजवर चिकटवा, 'त्याच्यासाठी' म्हणून नव्हे, घराचा म्हणून.

त्या नंबरवर तुम्हीही बोलू शकता. दोन महिने रोज तीनला जाग, धडधड, वजन उतरलंय म्हणता. आधी फॅमिली डॉक्टरकडून बीपी आणि थायरॉइड बघून घ्या. चाळिशीनंतर ही दोन्ही कारणं निघतात, आणि मग बायका उगाच स्वतःला भित्र्या समजत बसतात. तपासण्या नॉर्मल आल्या तर मानसोपचारतज्ज्ञ. तोवर तीनला जाग आली तर मुलाच्या दाराकडे जाऊ नका, स्वयंपाकघरात जा. एक वही ठेवा, जे डोक्यात असेल ते लिहा : फी, भावाचा मुलगा, बांगड्या, सगळं. सकाळी वाचायचं, रात्री नाही. पहिल्या चार रात्री वेडेपणा वाटेल.

परीक्षेच्या दिवसाचं एप्रिलमध्ये पुन्हा लिहा, तेव्हा अर्ध्या बाह्या, चपला, दीडला बंद होणारं गेट आणि आदल्या दिवशी केंद्र बघून येणं, हे सगळं बोलू. एवढंच आत्ता ठरवून ठेवा की तो पाचला बाहेर आला की 'कसा गेला?' हा प्रश्न तुम्ही दोघांपैकी कुणीच विचारायचा नाही. उसाचा रस प्यायचा का, ते विचारा.

सीईटीचा फॉर्म मात्र या आठवड्यात भरा, तिघांनी एका लॅपटॉपसमोर बसून, शेवटची तारीख सीईटी सेलच्या साइटवर बघून. गट तो निवडेल. आणि येत्या रविवारी मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावा. नऊला वाजेल, वाजू द्या. पोळ्यांना तूप सगळ्यांच्या सारखं लावा.